अल्बम डार्क येतोय? लॅबला फोन लावण्याआधी स्क्रीन तपासा

लग्नसराई उरकली की अल्बमची सराई सुरू होते आणि तिच्या मागोमाग हे दुखणं. स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. लॅबमधून शीट येतात आणि बघावं तर सगळं दिवेलागणीला काढल्यासारखं. नवरदेवाचा नेव्ही ब्लू कोट आणि मागचा पडदा एकच झालेला, नवरीच्या डोक्यातला गजरा तेवढा हवेत तरंगतोय, केस कुठे संपले आणि सावली कुठे सुरू झाली ते कळत नाही.

माझा पहिला मोठा अल्बम असाच आला होता. बारा बाय छत्तीसची शीट, मॅट फिनिश. मुलीच्या वडिलांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "अहो, आमच्या सगळ्या पाव्हण्यांची तोंडं काळी केलीत की!" ते हसले म्हणून मीही हसलो, पण घरी जाऊन पहिला फोन लॅबला लावला. तिकडचा ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "दादा, फाइलच डार्क आहे. पुढच्या वेळी डेन्सिटी कमी करून मारू का?" म्हटलं मारा. पुढचा अल्बम बरा आला. त्याच्या पुढचा फिकट आला, कारण त्या दिवशी दुसरा ऑपरेटर होता आणि त्यानं हात सैल सोडला. मग लॅब बदलली. दोन अल्बम चांगले आले, तिसरा पुन्हा काळपट. दोन वर्षं मी असा कधी कागदाला, कधी प्रिंटरला, कधी ऑपरेटरला दोष देत होतो. मॉनिटर मात्र खोक्यातून काढला त्या दिवसापासून शंभर टक्के ब्राइटनेसवर होता.

दुकानात मॉनिटर ओळीनं मांडलेले असतात. जो जास्त उजळ तो चांगला वाटतो, म्हणून बहुतेक मॉनिटर फॅक्टरीतून पूर्ण उजेडावर लावूनच येतात. साध्या ऑफिस मॉनिटरचा पांढरा रंग २५० ते ३५० निट असतो. निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कॅन्डेला. पृष्ठभाग डोळ्याला किती उजळ दिसतो त्याचं माप. छापील फोटोसाठी एडिटिंग करताना लागतात साधारण ८० ते १२० निट. म्हणजे स्क्रीन हवी त्याच्या दुपटी-तिपटीनं उजळ. दुप्पट म्हणजे फोटोग्राफरच्या भाषेत एक स्टॉप. २४० निटच्या स्क्रीनवर तुम्हाला जो चेहरा नीट दिसतो, तो १२० च्या हिशेबानं जवळपास एक स्टॉप अंडर असतो. तुम्ही एक्स्पोजर खाली ओढलेलं असतं, किंवा वर ओढायला हवं होतं ते ओढलेलं नसतं. लॅब बिचारी फाइलमध्ये आहे तेच छापते.

आणि हे डोळ्याला कळत नाही. डोळा सतत जुळवून घेतो. तासभर झगझगीत स्क्रीनसमोर बसलात की तीच नॉर्मल वाटते. त्यामुळे "मला तर बरोबर दिसतंय" या वाक्याला या कामात काडीचीही किंमत नाही, माझ्याही नाही.

आधी दोषी कोण ते ठरवा

स्क्रीनला हात लावण्याआधी एक शीट छापून घ्या. त्यात तीन गोष्टी ठेवा. एक, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी चौकोनांची पट्टी. आरजीबी (लाल, हिरवा, निळा; तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा) आकडे ०, ५, १०, १५, २०, ३० असे खालून बारीक, मधे मोठे टप्पे, आणि वर पुन्हा २३५, २४०, २४५, २५०, २५५ असे बारीक. दोन, आरजीबी ११८ चा एक मोठा राखाडी चौकोन. अठरा टक्के ग्रे कार्ड, म्हणजे पडलेल्या उजेडातला अठरा टक्के परत फेकणारं राखाडी कार्ड, एसआरजीबीमध्ये (स्क्रीन आणि लॅबच्या नेहमीच्या रंगमापात) जवळपास तिथेच बसतं. तीन, तुमचे स्वतःचे दोन फोटो, एक दिवसाच्या हळदीचा आणि एक रात्रीच्या रिसेप्शनचा. फाइल एसआरजीबी जेपेग. लॅबला बजावून सांगा की यावर कुठलंही करेक्शन करू नका, ऑटोही नाही आणि हातानंही नाही.

शीट आली की हातात ग्रे कार्ड घ्या आणि छापील ११८ च्या चौकोनाशेजारी धरा. उजेड दोघांवर सारखाच पडतोय, स्क्रीनचा इथे संबंधच नाही. दोन्ही जवळपास सारखे दिसले तर लॅब निर्दोष. छापील चौकोन उघड काळा असेल तर लॅबला फोन लावायला हरकत नाही, आणि हातात पुरावा आहे. माझ्या बाबतीत चौकोन तंतोतंत जुळला, आणि ज्या ऑपरेटरला दोन वर्षं बोल लावले त्याला चहा पाजावा लागला.

ही शीट टाकू नका. पुढे पावलोपावली लागणार आहे.

फाइलचा अंदाज आकड्यांवरूनही येतो. फोटोशॉपमध्ये कर्सर चेहऱ्याच्या उजेडातल्या बाजूवर न्या. गव्हाळ रंगाच्या चेहऱ्याचा लाल चॅनेल साधारण २०० ते २२५ च्या दरम्यान असावा, असा माझा ठोकताळा आहे. आपल्याकडच्या लग्नात आणखी एक हक्काची खूण असते, पांढरी गांधी टोपी. टोपीवरच्या घड्या दिसायला हव्यात आणि तरी ती पांढरी वाटायला हवी, म्हणजे २३५ ते २४५. चेहरा १५० वर आणि टोपी १९० वर असेल, आणि तरीही स्क्रीनवर फोटो छान दिसत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

८० की १२० की १६०?

या आकड्यावरून फोटोग्राफरांत वाद झडतात. एसआरजीबी हे मानक १९९९ साली आलं, तेव्हा टेबलावर जाड काचेचे सीआरटी मॉनिटर होते. त्यात संदर्भ स्क्रीन ८० निटची आणि खोलीतला उजेड ६४ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) धरलेला आहे. म्हणजे अगदी मंद खोली. छपाई व्यवसायाचं आयएसओ ३६६४ हे मानक फोटो बघण्यासाठी ५०० लक्स उजेड सांगतं, आणि बारकाईनं तुलना करायची तर २००० लक्स. यातले आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. कुठल्या उजेडातल्या कागदाशी जुळवायचं, एवढाच फरक आहे.

कागद स्वतः उजळत नाही, त्याच्यावर पडलेला उजेड परत फेकतो. चांगला पांढरा फोटो पेपर ८५ ते ९० टक्के फेकतो. किती निट ते काढायचं असेल तर लक्सला ०.८८ नं गुणा आणि ३.१४ नं भागा. ५०० लक्सच्या टेबलावर कागद १४० निट भरतो. ३५० लक्सला सुमारे १००. आणि रात्री घरच्या हॉलमध्ये, एका ट्यूबलाइटच्या उजेडात, जिथे १५० लक्स मिळाले तरी डोक्यावरून पाणी, तिथे कागद जेमतेम ४२ निट.

आता कळेल की गिऱ्हाईक रात्री फोन करून "डार्क आलाय हो" का म्हणतं आणि सकाळी अंगणात बघितल्यावर गप्प का बसतं. ३०० निटच्या स्क्रीनवर केलेलं काम ४२ निटच्या कागदावर बघितलं जातंय. म्हणून स्क्रीनचा उजेड म्हणजे कुठला तरी पवित्र आकडा नव्हे. ज्या उजेडात अल्बम बघितला जाणार आहे, त्या उजेडातल्या कोऱ्या कागदाशी स्क्रीनचा पांढरा रंग जुळला की झालं. मी १०० धरतो. घरातला मंद हॉल आणि खिडकीजवळचा दिवाणखाना यांच्यातली ती तडजोड आहे. तुम्ही दुकानात चांगल्या दिव्याखाली अल्बम दाखवत असाल तर १२० धरा.

मोजायचं यंत्र गळ्यात आहेच

कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र, नसला तरी अडत नाही. कॅमेऱ्याचा मीटर हा लाइट मीटरच असतो.

कॅमेऱ्याचा आयएसओ १०० वर पक्का करा, ऑटो आयएसओ बंद. ॲपर्चर प्रायोरिटी, एफ ८, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य. स्क्रीनवर निव्वळ पांढरी फाइल, आरजीबी २५५, पूर्ण पडदाभर उघडा. मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवलेला असावा. थंड बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) उजेड सुरुवातीला सरकत असतो. खोलीतले दिवे बंद करा. लेन्स मॅन्युअल फोकसला टाकून फोकस मुद्दाम बिघडवा, नाहीतर पिक्सेलची जाळी मधे येते. जवळ जाऊन फ्रेममध्ये फक्त पांढरं भरा आणि मीटर कुठला शटर सांगतोय ते वाचा.

त्या शटरच्या खालच्या आकड्याला आठनं गुणा. तेवढे निट.

१/१० म्हणजे ८०. १/१३ म्हणजे १०४. १/१५ म्हणजे १२०. १/३० म्हणजे २४०, आणि १/४० आला तर ३२०. कॅनन आणि निकॉनचे मीटर १२.५ या स्थिरांकावर बेतलेले असतात, त्यातून हे आठ निघतात. पेन्टॅक्सचा स्थिरांक १४ आहे, तिथे नऊनं गुणा. हे माप प्रयोगशाळेतलं नाही, एक तृतीयांश स्टॉप इकडेतिकडे होणार. पण तुमची चूक एका-दीड स्टॉपची आहे, तिच्यापुढे हे चिल्लर. काही स्क्रीन उजेड कमी करायला बॅकलाइट भरभर चालूबंद करतात, त्यामुळे आकडा थोडा नाचू शकतो.

आता तोच कॅमेरा, तेच सेटिंग, आणि अल्बम दाखवता त्या टेबलावर कोरी शीट. मीटर काय म्हणतोय? कागद १/१३ सांगत असेल तर स्क्रीनही १/१३ वर येईपर्यंत ब्राइटनेस खाली घ्या. इथे गुणाकार नको आणि सूत्रही नको, दोन आकडे सारखे झाले म्हणजे काम झालं. कागद १/४ सांगत असेल तर स्क्रीन तिथपर्यंत खाली नेऊ नका. तिथे उजेडच कमी आहे, टेबलावर चांगला दिवा लावा. कागद १/६० वर गेला तर टेबल फारच उजेडात आहे.

माझी स्क्रीन पहिल्यांदा मोजली तेव्हा १/४० आला होता. तीनशे वीस. बटण १०० वरून २२ पर्यंत खाली आणलं तेव्हा १/१३ मिळाला. हा २२ आकडा तुमच्या कामाचा नाही; मॉनिटरच्या बटणावरचे टक्के आणि निट यांचं गणित प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. "ब्राइटनेस किती टक्के ठेवू?" या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही.

पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. हात आपोआप बटणाकडे जाईल. जाऊ देऊ नका. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याची स्क्रीन बघितली की डोळे दिपतात.

कुठलं बटण फिरवायचं

मॉनिटरचं स्वतःचं ब्राइटनेस बटण. एलसीडीवर ते बॅकलाइट कमी करतं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळे टप्पे शाबूत राहतात आणि मागचा दिवा फक्त मंद होतो. कॉन्ट्रास्टला हात लावू नका, तो फॅक्टरीच्या जागेवर बरा. ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमधला ब्राइटनेसचा स्लायडर तर मुळीच नको. तो दिवा कमी करत नाही, सिग्नलच दाबतो; २५६ टप्प्यांतले बरेच खाऊन टाकतो आणि आकाशात किंवा शालूच्या पदरावर पट्टे दिसायला लागतात.

काही मॉनिटर बटण शून्यावर नेलं तरी १५० च्या खाली येत नाहीत. मग नाइलाजानं आरजीबी गेन तिन्ही सारखे थोडे खाली घेता येतात, पण त्याआधी खोलीचा आणि टेबलाचा उजेड वाढवून बघा. स्क्रीन खाली येत नसेल तर कागद वर आणायचा.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन जातीचं पॅनेल असतं, आणि झाकण दोन बोटं मागे-पुढे केलं की चेहऱ्याची सावली उघडते किंवा मिटते. मोजणार काय आणि कशाशी जुळवणार? शक्य असेल तर बाहेरचा आयपीएस मॉनिटर (कोन बदलला तरी फारसा न बदलणारा) जोडा. शक्य नसेल तर बिजागरीवर झाकणाच्या कोनाची पेनानं खूण करा आणि रोज त्याच खुणेला उघडा. ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) लॅपटॉपची गंमत वेगळी. पूर्ण पडदा पांढरा केला की तो स्वतःच उजेड आवरता घेतो, म्हणून मोजताना पांढरा चौकोन पडद्याच्या पाव भागाएवढाच ठेवा आणि भोवती राखाडी.

बरोबर लावलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच

खरी डोकेदुखी इथे आहे. एकदा लावलेला उजेड जागेवर राहत नाही, कारण हल्लीच्या मशीनमध्ये त्याला हलवणारे चारपाच हात लपलेले असतात, आणि त्यातले काही तर फोटो बघून उजेड बदलतात.

आमच्याकडे पहिला संशयित म्हणजे लाइट जाणं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, बॅटरी सेव्हर स्क्रीन मंद करतो, आपण कंटाळून उजेड वाढवतो, लाइट येते आणि वाढवलेला उजेड तसाच राहतो. शिवाय विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेसखाली 'चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कन्टेन्ट' असा पर्याय असतो. तो चालू असला तर काळोखा रिसेप्शनचा फोटो उघडल्यावर स्क्रीन एक वागते आणि हळदीचा पिवळाधमक फोटो उघडल्यावर दुसरं. तो 'ऑफ' करा. नुसतं बॅटरीवर असतानाही नको. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग आणि एएमडीमध्ये व्हॅरी-ब्राइट या नावानं याचीच भावंडं राहतात. तीही बंद.

नाइट लाइट बंद. मॅकवर ट्रू टोन, नाइट शिफ्ट आणि आपोआप ब्राइटनेस बदलणारा पर्याय, तिन्ही बंद. नव्या मॅकबुक प्रोमध्ये रेफरन्स मोड, म्हणजे ठरावीक कामासाठी बांधलेल्या सेटिंग, आहेत. त्यातले बहुतेक निवडले की कीबोर्डवरचं ब्राइटनेसचं बटण चालेनासं होतं. लोकांना तो बिघाड वाटतो, मला तो उपकार वाटतो. विंडोजमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवून दाखवणारी सोय) चालू असेल तर छपाईच्या कामापुरता बंद करा.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, लो ब्लू लाइट आणि आय सेव्हर हे शोधून मारा. 'गेम', 'मूव्ही', 'व्हिव्हिड' हे प्रीसेट आपल्यासाठी नाहीत. 'एसआरजीबी' किंवा 'यूझर' निवडा. काही मॉनिटरमध्ये 'एसआरजीबी' निवडलं की ब्राइटनेस कुलूपबंद होतो आणि तो आपल्याला हवा त्यापेक्षा जास्त असतो, मग 'यूझर'वर जा.

आणि शेवटचा संशयित माणूस असतो. माझ्याकडे तो पुतण्या होता. दुपारी क्रिकेट बघायला यायचा, उजेड वाढवायचा आणि जायचा. आता मॉनिटरच्या पायाशी चिकटपट्टीवर '२२' लिहिलेलं आहे, आणि एडिटिंगला बसताना मी आधी मेन्यू उघडून तो आकडा बघतो.

कॅलिब्रेटर असला तरी हे सगळं करावंच लागतं. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र स्क्रीनवर लटकवून मोजलं की उजेडाबरोबर रंगही जाग्यावर येतो. टार्गेट डी ६५ (पांढऱ्या रंगाची छटा), गामा २.२ (मधल्या टप्प्यांचा उजेड) आणि १०० ते १२० निट ठेवा. पण त्यातून निघणारं प्रोफाइल रंग सुधारतं, बॅकलाइट धरून ठेवत नाही. कॅलिब्रेशननंतर कुणी बटण दाबलं की उजेडाची मेहनत पाण्यात. यंत्र स्वस्त नाही, आणि महिन्यातून एकदाच लागतं. आम्ही तालुक्यातल्या चौघांनी मिळून एक घेतलंय, ते फिरत असतं.

खोली आणि भोवतालचा रंग

स्क्रीन बंद करा आणि समोर बसा. काळ्या काचेत काय दिसतंय? मागची ट्यूब, उघडं शटर, रस्त्यावरचं ऊन, तुमचा पांढरा शर्ट? हे सगळं फोटोतल्या सावल्यांवर पसरलेलं असतं. सावल्या धुरकट दिसतात म्हणून आपण काळा वाढवतो, आणि छापून आल्यावर केस आणि कोट गिळले जातात. दुकान रस्त्याला तोंड करून असेल तर टेबल असं फिरवा की शटर ना पाठीशी येईल ना तोंडासमोर, बाजूला राहील. काळ्या कार्डशीटची तीन बाजूंची टोपी मॉनिटरला बसवली तर दुपारीही काम होतं. भिंत पिस्ता किंवा गुलाबी असेल तर स्क्रीनमागचा तेवढा भाग राखाडी करून घ्या.

अगदी अंधारात बसून काम करणारेही आहेत, मीही त्यांतलाच होतो. अंधारात मंद स्क्रीनसुद्धा झगझगीत वाटते आणि हात पुन्हा फोटो काळा करतो. मागच्या भिंतीवर एक मंद पांढरा दिवा हवाच.

अंधाराचा हा परिणाम सॉफ्टवेअरच्या आतही होतो आणि त्याकडे कुणी बघत नाही. फोटोशॉप-लाइटरूमची खिडकी गडद राखाडी असते. गडद भोवतालात ठेवलेला फोटो आहे त्यापेक्षा उजळ दिसतो; तोच फोटो अल्बमच्या पांढऱ्या किनारीत आला की मलूल वाटतो. लाइटरूममध्ये फोटोभोवतीच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून ती पांढरी करा, फोटोशॉपमध्येही तसंच. एक्स्पोजर ठरवताना तरी पांढरी ठेवा. माझे निम्मे डार्क फोटो नुसतं एवढं केल्यावर उघडे पडले.

मग आधी छापलेली शीट काढा, दिव्याखाली ठेवा, आणि तीच फाइल स्क्रीनवर उघडून काळे चौकोन बघा. माझ्या लॅबच्या मॅट शीटवर २० च्या खालचं सगळं एकच काळं येतं. ग्लॉसीवर १२-१३ पर्यंत फरक कळतो. स्क्रीनवर मला १० चा चौकोन काळ्यापासून जेमतेम वेगळा दिसतो. म्हणजे मॅट अल्बम असेल तर नवरदेवाच्या कोटाच्या घड्या २५ च्या वर आणायच्या, हे आता डोळ्यावर न सोडता आकड्यानं ठरतं. स्क्रीनवर १५ चा चौकोनही काळ्यात मिसळत असेल आणि मॉनिटर एचडीएमआयवर असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज बघा. तिथे 'लिमिटेड' आणि 'फुल' असे दोन पर्याय असतात. कार्ड एक पाठवतंय आणि मॉनिटर दुसरं समजतोय असं झालं की सावल्या तरी बुडतात नाहीतर सगळं धुतल्यासारखं होतं. दोन्हीकडे 'फुल' करा.

जुनं काम कसं वाचवायचं

उजळ स्क्रीनवर केलेले चारशे फोटो पुन्हा एकेक करत बसू नका. एक नेहमीचा, चेहरा असलेला फोटो घ्या. त्याच्या चार प्रती करा: जशी आहे तशी, अर्धा स्टॉप वर, पाऊण स्टॉप वर, एक स्टॉप वर. चारही एकाच बारा बाय अठराच्या शीटवर, करेक्शन न करता छापा. शीट घरच्या हॉलमध्ये आणि दुकानातल्या दिव्याखाली बघा आणि घरच्या कुणालाही विचारा कुठला बरा. जो निवडला जाईल तेवढा फरक रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलवर सगळ्यांना एकगठ्ठा लावा. रॉ नसेल, जेपेगच उरली असेल, तर एक्स्पोजरचा स्लायडर नको. कर्व्हचा मधला भाग उचला आणि वरचं टोक जागेवर धरून ठेवा, नाहीतर टोप्या आणि अक्षता जळतात.

मोबाइलचा प्रश्न हमखास येतो: गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो बघतं, त्याच्या स्क्रीनचा उजेड कितीही असतो, मग दोन वेगळ्या फाइली करू का? नको. फोन आपला उजेड आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे बदलत राहतो. १०० निटवर केलेली फाइल तिथे व्यवस्थित दिसते. अल्बम आणि मोबाइल शेजारी धरले तर मोबाइल जिंकणारच, त्याच्या पोटात दिवा आहे.

एवढं करूनही डार्क?

रंग मेलेले असतील आणि चेहरे मातकट, तर फाइल ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगमापात गेली आहे का ते बघा. तो उजेडाचा आजार नाही. मॅट लॅमिनेशननंतर काळा रंग राखाडी होतो आणि फोटोचा जोर जातो, त्यामुळे लॅमिनेशनच्या आधीच्या प्रिंटशी तुलना करून फसू नका.

ठरावीक फोटोच डार्क आणि बाकी सगळे ठीक असतील तर मात्र लॅबचं ऑटो करेक्शन चालू आहे. ते मशीन पूर्ण फोटोची सरासरी काढून ती मधल्या राखाडीकडे ओढतं. पांढरं जास्त असलेला फोटो ते खाली पाडतं आणि काळं जास्त असलेला वर उचलतं. गोव्यातल्या चर्चमधलं एक लग्न मी केलं होतं; पांढरी भिंत, पांढरा गाऊन, पांढरी फुलं. स्क्रीन मोजलेली, आकडे बरोबर, तरी तेवढीच सहा पानं करडी आली आणि रात्रीच्या पार्टीची पानं उलट उजळ. ऑपरेटरला व्हॉट्सॲपवर "करेक्शन नको" असं लिहिलं होतं, पण शीट लागतात तेव्हा मेसेज कोण उघडून बघतं? तेव्हापासून मी फोल्डरच्या नावातच 'नो करेक्शन' लिहितो.